पगाराचा मुद्दा कुठे गेला?

मनुष्यबळ विभागाच्या प्रशिक्षणवर्गात एक गोष्ट हमखास ऐकवली जाते: माणूस पैशासाठी नव्हे, आपुलकीसाठी राबतो, साहेबांनी विचारपूस केली की काम आपोआप वाढतं. पुरावा म्हणून शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्याचा दाखला ठरलेला. (असे वर्ग नेमके पगारवाढीच्या बोलण्यांच्या सुमारास का भरतात, हे विचारायचं नसतं.)

त्या कारखान्यात झालं ते असं. १९२७ साली टेलिफोनचे रिले जोडणाऱ्या पाच मुलींना मोठ्या खात्यातून उचलून वेगळ्या खोलीत बसवलं. मधली सुट्टी दिली, खाणं दिलं, कामाचे तास बदलून पाहिले. उत्पादन चढत गेलं. संशोधक एल्टन मेयो आणि मंडळींनी याचं श्रेय खेळीमेळीच्या वातावरणाला दिलं. पण खात्यात असताना या मुलींचा मोबदला शंभरेक जणींच्या एकत्रित कामावर ठरे. नव्या खोलीत तो फक्त पाचजणींच्या कामावर ठरू लागला. हात भराभर चालवला की पैसे थेट पदरात! शिवाय फार बोलतात, सहकार्य करत नाहीत म्हणून जानेवारी १९२८ मध्ये दोघींना त्या खोलीतून काढलं आणि दुसऱ्या दोघी आणल्या. ही आपुलकी? पुढे संशोधकांनीच दुसऱ्या एका गटात फक्त मोबदल्याची पद्धत बदलली, तर उत्पादन वाढलं. जुनी पद्धत परत आणली, तर घसरलं. हे कुठल्या स्लाइडवर दिसत नाही.

पगाराने माणूस झटत नाही, असं सांगायला मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्गलाही असंच वेठीला धरलं जातं. १९५९ च्या त्याच्या पुस्तकाचा आधार म्हणजे सुमारे दोनशे अभियंते आणि हिशेबनीस. यंत्रावरचा कामगार त्यात नाहीच. आणि पगार अपुरा असला की असंतोष धुमसतो, हे तोही सांगतोच.

पैसा म्हणजेच सगळं, असं मात्र मी म्हणत नाही. हॉथॉर्नमध्येच पुढे चौदा पुरुषांचा एक गट पाहिला गेला. त्यांनी दिवसाचं काम आपसांत ठरवून घेतलं होतं. कोणी जास्त केलं तर सोबती त्याच्या दंडावर गुद्दा हाणत. जास्त काम दाखवलं तर मोबदल्याचा दर कापतील किंवा माणसं कमी करतील, ही त्यांची धास्ती. संशोधकांना त्यात गटभावना दिसली. मला रोखठोक हिशेब दिसतो, आणि वरच्यांवरचा अविश्वास.

म्हणून क्रम उलटा हवा. उत्पादन वाढलं तरी दर कापणार नाही, हे आधी लेखी द्या. वाढीतला वाटा ठरवा. काम कसं करायचं हे ठरवताना ते करणाऱ्याचं ऐका. शाबासकी मग खुशाल द्या. ‘एवढं परवडत नाही’ असं उत्तर असेल, तर तेही चालेल. फक्त ताळेबंद टेबलावर ठेवून युनियनसमोर बोला, मास्लोचा गरजांचा पिरॅमिड दाखवून नको.