ढोलकीही हवी, पेटीही हवी!

हाय-फाय सिस्टिम म्हटलं की आपल्याकडे दोनच टोकांची माणसं भेटतात. एक, ज्यांच्या एकेका वायरची किंमत आपल्या बाईकएवढी असते. दुसरी, 'बॉस, बेस बघ कसला दणदणीत आहे!' म्हणत खिडकीच्या काचा थरथरवणारी. मधल्या आपल्यासारख्यांचं काय? पगार बरा, खोली १० बाय १०, शेजारी भिंतीला भिंत लावून... आणि गाणं मात्र जीव की प्राण!

या वेळची केस माझ्या एका मित्राची. नोकरी रांजणगाव एमआयडीसीत, भाड्याची खोली शिरूरला, घर दौंडला. वडील रेल्वेतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले. उभा जन्म डिझेल इंजिनात गेला, त्याची किंमत कानांनी मोजली. वर्षानुवर्षं मोठ्या आवाजात काम केलं की पहिला फटका साधारण ४,००० हर्ट्झच्या आसपास बसतो. आवाज येतो, पण स, श, त, क निसटतात आणि शब्द लागत नाहीत. मग टीव्ही मोठा होतो, वहिनी वैतागतात आणि काका रागानं बाहेर ओट्यावर जाऊन बसतात. सुलोचना चव्हाणांच्या लावण्या आणि भीमसेनजींचे अभंग यांवर जगलेला हा माणूस दोन वर्षं गाणंच ऐकत नव्हता.

मित्राच्या हातात दिवाळी बोनसचे ३० हजार होते आणि डोक्यात भलतंच. "फाइव्ह पॉइंट वन होम थिएटर घेतो, वरचे ईएमआयवर. १,००० वॅट आहे यार!"

म्हटलं, थांब. आधी काकांच्या कानांची तपासणी करून घे. स्पीकर म्हणजे काही औषध नव्हे, कानाच्या मशीनचं काय ते डॉक्टर ठरवतील. ते झालं की दुकानात जाऊ.

आता हे वॅट प्रकरण. जुन्या टेपरेकॉर्डरवर 'पीएमपीओ' नावाचे अचाट आकडे छापलेले असायचे, आठवतंय? क्षणभराच्या उसळीचा कागदी हिशेब तो. बघायचा आकडा आरएमएसचा, आणि त्याच्या जोडीला स्पीकरची सेन्सिटिव्हिटी. ८६ डेसिबलचा स्पीकर म्हणजे १ वॅटवर १ मीटर अंतरावर ८६ डेसिबल. घरात गप्पा मारत गाणं ऐकायला तेवढंही लागत नाही! शिवाय वॅट दुप्पट केले की वाढतात फक्त ३ डेसिबल. म्हणजे २० चे ४० वॅट करून फरक पडतो तो 'जरासा'. १,००० चं करायचं काय, लोणचं?

खरी गोम खोलीत असते. भिंती १० फुटांवर असल्या की साधारण ५६ हर्ट्झचा सूर त्यांच्यामध्ये अडकून घुमतो. लांबी-रुंदी सारखी असेल तर दुप्पट घुमतो, आणि छतही तेवढंच उंच असेल तर विचारूच नका. अशा खोलीत सबवूफर ठेवला की गाणं कुठलंही लावा, ऐकू येतं ते फक्त 'भूं भूं'. आणि त्या भूं भूंखाली आधी बुडतात ते नेमके काकांना हवे असलेले शब्द. म्हणून आम्ही सबवूफर रद्दच केला. दोन चांगले बुकशेल्फ स्पीकर, ५ इंची वूफरवाले, बस्स!

पैसे असे वाटले. निम्म्याहून थोडे जास्त, १५,५००, स्पीकरवर, कारण आवाजाचं कॅरॅक्टर तिथंच ठरतं. ८ हजारांचा छोटा क्लास डी अ‍ॅम्प्लिफायर. फोन नाहीतर लॅपटॉपला लावायला १,८०० चा डॅक. शिरूरच्याच एका वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी स्टँडची जोडी, १,७०० रुपये. आणि वायर? घरात पंख्याला टाकतात तीच दीडची तांब्याची, ४०० रुपयांत भरपूर. चार मीटरला तिचा रेझिस्टन्स जाऊन-येऊन ०.१ ओहम, ८ ओहमच्या स्पीकरपुढे नगण्य. 'स्पेशल ऑक्सिजन-फ्री केबल घ्या साहेब' म्हणणाऱ्या सेल्समनला गोड हसून टाटा करायचा.

सामान घेऊन आम्ही न्हावरामार्गे निघालो. वाटेत चौफुला लागतं. तिथल्या कलाकेंद्रांत ज्यांनी संगीतबारी ऐकली आहे त्यांना बॅलन्स म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही. ढोलकीची थाप छातीवर येते, पण पेटीचा सूर झाकत नाही, घुंगरू मोजून घ्यावेत इतके सुटे, आणि सगळ्यांच्या वर बाईंचा शब्द. स्पीकर निवडताना माझी परीक्षा हीच. दुकानदाराची डेमो सीडी नको, आपल्या रक्तात भिनलेलं गाणं न्यायचं.

जाता जाता एक गंमत. मिरवणुकीत ट्रॅक्टरवर रचलेल्या स्पीकरच्या भिंतीला आपण 'डॉल्बी' म्हणतो ना? रे डॉल्बी यांनी १९६५ मध्ये कंपनी काढली आणि नाव कमावलं ते टेपमधली खरखर कमी करून!

दौंडच्या घरात पहिलं काम म्हणजे शोकेस विसरणं. स्पीकर भिंतीपासून फूटभर पुढे, ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला, आणि दोन स्पीकर व काकांचा दिवाण मिळून समभुज त्रिकोण. जमलं की नाही ते बघायला जुनी मोनो लावणी लावायची. गायिकेचा आवाज बरोबर मधल्या रिकाम्या जागेतून यायला हवा. आमचा डावीकडे सरकत होता, तो डावा स्पीकर चार बोटं मागे घेतल्यावर जागेवर आला. सुरुवातीला बारीक घूंऽऽ येत होती, ती ५० हर्ट्झची. अर्थिंग नीट असलेल्या एकाच बोर्डवर सगळं लावल्यावर तीही गेली.

काका आधी दारातच उभे होते. दुसऱ्या कडव्याला आत येऊन बसले. तिसऱ्याला म्हणाले, "आरं, जरा कमी कर की आवाज. शब्द लागतायत."

वहिनी स्वयंपाकघरातून बघायला आल्या, काय झालं म्हणून.

२,६०० रुपये उरलेत. काकांच्या पत्र्याच्या पेटीत चाळीसेक कॅसेट आहेत आणि डेकचा रबरी बेल्ट चिकट होऊन तुटलाय. रविवारी पुण्याला तापकीर गल्लीत जाऊन बघणार आहोत.