चिपाडातील कण आणि गावातील रुग्ण

प्रवरेकाठचे बेलापूर उसाच्या मुलखातील गाव. उसाची चिपाडे कारखान्याच्या बॉयलरमध्ये जळतात, हे येथील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्याच चिपाडांपासून कार्बनचे अतिसूक्ष्म कण तयार करता येतात, हे अलीकडच्या संशोधनाने सिद्ध केले आहे. मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागास नॅनोमीटर म्हणतात. हे कण अवघ्या काही नॅनोमीटरचे असतात आणि अतिनील प्रकाशात चमकतात. कर्करोगाच्या पेशींना चिकटणाऱ्या रेणूंची जोड त्यांना दिली, की रोगट पेशी उजळून दिसू शकतात. कार्बनच्या सूक्ष्म नळ्या तर अवरक्त किरणांनी तापून अशा पेशी नष्ट करू शकतात.

कल्पना मोठी आहे. परंतु रुग्णाच्या खाटेपर्यंत ती अद्याप फारशी पोचलेली नाही. चीनमध्ये शस्त्रक्रियेच्या वेळी लसिकाग्रंथी काळ्या रंगाने दाखविण्यासाठी कार्बनकणांचे द्रावण वापरले जाते. बाकीचे बहुतेक प्रयोग परीक्षानळीत व उंदरांवरच चालले आहेत. हा विलंब केवळ आळसाचा नव्हे. लांब कार्बननळ्यांमुळे उंदरांच्या उदरपोकळीत अ‍ॅस्बेस्टॉससारखा दाह निर्माण होतो, असे २००८ साली आढळले. २०१४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अशा नळ्यांच्या एका प्रकाराची गणना संभाव्य कर्करोगकारकांत केली. रोग शोधणारे साधनच रोगाचे कारण ठरू नये, यासाठी सावधगिरी आवश्यकच आहे.

प्रश्न आहे तो दरम्यानच्या काळाचा. त्याचे उत्तर महाराष्ट्रातच मिळालेले आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय व बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय यांच्या सहभागाने ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार ग्रामीण स्त्रियांचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण ठरणाऱ्या विषाणूची एकदाच तपासणी झालेल्या गटात त्या रोगाने होणारे मृत्यू, नेहमीच्याच व्यवस्थेवर सोडलेल्या गटाच्या मानाने, सुमारे निम्मे राहिले.

कार्बनकणांचे संशोधन थांबवावे, असा याचा अर्थ नाही. त्यास पैसा व वेळ मिळालाच पाहिजे. मात्र उद्याच्या कणाची वाट पाहताना आजची तपासणी लांबणीवर पडता कामा नये. बेलापूरच्या मळ्यांतून राबणाऱ्या स्त्रीला ती गावाजवळ, मजुरी न बुडवता मिळाली पाहिजे. आणि दोष आढळल्यास पुढील उपचारांची हमीही मिळाली पाहिजे. एवढी व्यवस्था उभी असेल, तरच पुढे सिद्ध होणारा चमकता कण कधीकाळी तिच्यापर्यंत पोचेल.