डोके दुखले तर सांगा, लपवू नका

मे महिना उजाडला की माझ्या दवाखान्यात एका वेगळ्या प्रकारचे रुग्ण येऊ लागतात. रुग्ण म्हणायचे ते केसपेपर काढतात म्हणून. एरवी त्यांना काहीही झालेले नसते. हिमालयात ट्रेकला जायचे असते आणि नेणाऱ्या संस्थेला डॉक्टरांचा दाखला हवा असतो. वजन, नाडी, रक्तदाब पाहून झाला की मी प्रत्येकाला एक प्रश्न विचारतो, “कोणत्या रात्री किती उंचीवर झोपणार?” तंबूत किती जण, जेवणात काय, बर्फ कुठे लागणार, हे सगळे त्यांना पाठ असते. या प्रश्नाचे उत्तर मात्र फार थोड्यांकडे असते. माझ्या मते दाखल्यापेक्षा या उत्तराला महत्त्व अधिक आहे. ते का, हे आज सांगतो.

विरळ हवा म्हणजे काय?

उंचावर प्राणवायूचे प्रमाण कमी होते, असे आपण सहज म्हणतो. खरे तर तिथेही हवेत प्राणवायू २१ टक्केच असतो. कमी होतो तो हवेचा दाब, त्यामुळे प्रत्येक श्वासागणिक शरीराला मिळणारा प्राणवायू घटतो. साडेतीन हजार मीटरवर हा दाब समुद्रकाठच्या सुमारे दोन तृतीयांश उरतो, तर पाच हजार मीटरच्या आसपास निम्म्याहून थोडाच अधिक. शरीर या कमतरतेची सवय करून घेते. श्वास वाढतो, लघवी जास्त होते, पुढे रक्तातही बदल होतात. पण या सवयीला दिवस लागतात, आणि ते दिवस पैसे देऊन वाचवता येत नाहीत.

आपल्याकडची तरुण मंडळी सह्याद्रीत भरपूर भटकलेली असतात. त्याने पाय आणि छाती तयार होते, ही चांगलीच गोष्ट. परंतु महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचे आहे. विरळ हवेची सवय त्यावर होत नाही. कसलेले शरीर या आजारापासून वाचवते, ही समजूतही खोटी आहे. १९६२ च्या चीन युद्धाच्या काळात आपल्या जवानांना मैदानातून थेट उंच सीमेवर जावे लागले. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकारी डॉक्टरांनी ११,००० ते १८,००० फुटांवर आजारी पडलेल्या १,९२५ जवानांचा अभ्यास केला व तो १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. हे काही अशक्त लोक नव्हते.

१९७६ मध्ये हॅकेट आणि रेनी या डॉक्टरांनी एव्हरेस्टच्या वाटेवरील फेरिचे या ४,२४३ मीटर उंचीच्या गावी २७८ पदयात्रींची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी ५३ टक्के लोकांना हा आजार जाणवला होता. विमानाने थेट लुक्ल्याला उतरलेल्यांत तो अधिक होता, वाटेत जास्त रात्री काढलेल्यांत कमी. सावकाश चढणे हाच यावरचा मुख्य उपाय, हे तेव्हापासून पुन्हा पुन्हा दिसून आले आहे.

एका शांत वाटेचे उदाहरण

हिमाचल प्रदेशात किन्नौरमधून स्पितीत उतरणारी भाबा खिंडीची वाट मला विशेष आवडते. गर्दी नाही. काफनू गावातून निघालो की भाबा नदीच्या काठाने देवदाराचे रान, मग हिरवी कुरणे, आणि खिंड ओलांडताच पिन नदीचे कोरडे, तपकिरी खोरे. जणू दोन वेगळे देश. मधल्या मुक्कामांवर गाव नाही की दवाखाना नाही. भेटले तर मेंढ्या घेऊन आलेले मेंढपाळ.

आता उंचीचा हिशेब पाहा. सगळे आकडे सुमाराचे आहेत. काफनू २,४०० मीटर, म्हणजे पहिलाच मुक्काम कळसूबाईच्या वर. पुढे मुलिंग ३,२५०, काराह ३,५५०, फुटसिरांग ४,१००, आणि दुसऱ्या दिवशी खिंड ४,९००. वैद्यकीय सल्ला असा की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा. या वाटेवर तो दिवस काराहला मिळाला तर फार बरे. दुपारी थोडे वर चढून यायचे आणि झोपायला खाली परतायचे. हाच ट्रेक कोणी स्पितीकडून उलटा करायचा म्हटले तर गाडीतून उतरताच मुढ गावी ३,८०० मीटरवर पहिली रात्र येते. म्हणून आधी काही दिवस त्या भागात राहिल्याशिवाय तसा जाऊ नये.

आजार कसा ओळखावा?

नव्या उंचीवर पोहोचल्यावर साधारण सहा ते बारा तासांत डोके दुखू लागते. जोडीला मळमळ, अन्नावर वासना नसणे, गरगरणे, अंगात त्राण नसणे. हा सौम्य आजार. अशा वेळी वर चढायचे नाही, एवढे पथ्य पाळले तर बहुतेकांना एक-दोन दिवसांत बरे वाटते. उंचावर डोके दुखले तर दुसरे कारण ठामपणे सापडेपर्यंत तो उंचीचाच आजार धरावा.

त्यापुढची दोन रूपे जीवघेणी आहेत. मेंदूला सूज आली तर माणूस झिंगल्यासारखा चालतो, असंबद्ध बोलतो, चिडतो किंवा नुसता पडून राहतो. टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत चालायला सांगावे. तोल गेला तर शंका घेऊ नये. फुप्फुसांत पाणी झाले तर बसल्या जागी धाप लागते, खोकला येतो, पुढे गुलाबी फेसाळ थुंकी पडते. या दोन्हींत रात्र असो की पहाट, रुग्णाला ताबडतोब खाली न्यायचे. प्राणवायू व औषधे असतील ती द्यावीत, पण त्यांच्यासाठी थांबून राहू नये.

कोरोनानंतर बोटाला लावायचे ऑक्सिमीटर घरोघर आले. गाईडही ते बाळगतात. त्याचा आकडा उपयोगी आहे, पण उंचावर तो सर्वांचाच उतरतो. आकडा बरा आणि डोके दुखते आहे, तर डोक्यावर विश्वास ठेवावा. अॅसिटाझोलामाइड हे औषध सवय लवकर व्हायला मदत करते, मात्र ते सर्वांना चालत नाही. सल्फाची अॅलर्जी असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे, आणि मित्राच्या सांगण्यावरून ते घेऊ नये. दारू आणि झोपेच्या गोळ्या पूर्ण वर्ज्य.

गाईडला दिसत नाही ते

दोन वर्षांपूर्वी मी याच वाटेने एका तुकडीबरोबर गेलो होतो. आमच्यात पंचेचाळिशीचे एक गृहस्थ होते. चालण्यात रोज सर्वांच्या पुढे. फुटसिरांगच्या संध्याकाळी गाईडने चहाच्या वेळी एकेकाला तब्येत विचारली. यांनी “एकदम ठीक” म्हणून सांगितले. गाईडने वाद घातला नाही. जेवताना त्यांनी ताटातली पोळी तशीच ठेवलेली पाहून तो शेजारी जाऊन बसला. मग कबुली आली. काराहपासून डोके दुखत होते, गुपचूप गोळ्या चालल्या होत्या. मी तपासले, तोल ठीक होता, छाती मोकळी होती. तरी गाईडने उजेड असतानाच त्यांना मदतनिसाबरोबर काराहला उतरवले. जाताना ते आमच्या दोघांवर चिडले होते. सकाळी डोके उतरल्याचा निरोप आला.

हे पुढे गेले असते तर? खिंड ओलांडल्यावर आजार बळावला की मागे फिरायला तीच खिंड पुन्हा चढावी लागते. पुढे मुढपर्यंत पायीच जायचे आणि काझ्याचे रुग्णालय तिथूनही लांब. म्हणून निर्णय खिंडीच्या अलीकडे व्हावा लागतो, आणि त्यासाठी माणसाने खरे बोलावे लागते. वाट, हवामान, बर्फ गाईडला कळते. तुमचे डोके दुखते की नाही, हे तुम्ही सांगितल्याशिवाय त्याला कळायचे कसे?

आपण लपवतो, कारण परतण्याची लाज वाटते. रजा घेतलेली, पैसे भरलेले, गल्लीत सांगून झालेले. या लाजेत आपला, म्हणजे घरच्यांचा आणि शेजाऱ्यांचाही वाटा आहे, असे मला वाटते. ट्रेकहून आलेल्याला आपण पहिले विचारतो ते “पार केलीस का?” मध्येच परतलेल्याची थट्टा होते. ती बंद झाली तर पुढच्या वर्षी जाणारा अधिक मोकळेपणाने बोलेल.

दुसरे मत नेणाऱ्या संस्थांबद्दल. दिवस कमी करून ट्रेक स्वस्त दाखवणे ही आरोग्याशी केलेली काटकसर आहे. वेळापत्रकात एक राखीव दिवस आणि खाली सोबत करायला एक जादा माणूस असलाच पाहिजे. संस्था ते आपणहून करतील तेव्हा करतील. तोवर पैसे भरण्याआधी आपणच मुक्कामांच्या उंचीची यादी मागावी, राखीव दिवस कोणता ते विचारावे, आजारी माणसाला खाली कोण नेणार तेही विचारावे. उत्तर मिळाले नाही तर दुसरी संस्था शोधावी. रक्तदाब, मधुमेह, दमा, हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी निदान महिनाभर आधी आपल्या डॉक्टरांना भेटावे. येताना ती यादी सोबत आणावी, म्हणजे दाखला देणाऱ्यालाही नीट सल्ला देता येईल.