वस्तू सदोष त्यांची, मग पुरावा तुम्हीच का आणायचा?

मागच्या पावसाळ्यात माझ्या फोनचा चार्जर रात्री जळाला. सर्व्हिस सेंटरमध्ये पहिलाच प्रश्न आला, "घरी व्होल्टेज वर-खाली होतं का?" मी इंजिनीअरिंग केलंय. घरातल्या विजेच्या नेहमीच्या चढउतारात चार्जर टिकायलाच हवा, एवढं मला कळतं. पण त्याच मॉडेलचे आणखी किती चार्जर जळाले, हे मला कळायला मार्ग नव्हता. ते फक्त कंपनीला माहीत होतं.

माझं नुकसान काही शे रुपयांचं. पण सदोष वस्तू शरीरात बसवलेली असेल तर?

खुब्याच्या सांध्याचं प्रकरण काय होतं?

जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यू या कंपनीचा 'एएसआर' नावाचा खुब्याचा कृत्रिम सांधा होता. त्यात धातूचा गोळा धातूच्याच वाटीत फिरायचा. घर्षणाने कोबाल्ट आणि क्रोमियमचे कण सुटून आजूबाजूच्या मांसात आणि रक्तात जायचे. अनेक रुग्णांना वेदना झाल्या, सूज आली, पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने हा सांधा जगभरातून परत मागवला. ब्रिटनमधल्या नोंदींनुसार पाच वर्षांत १२ ते १३ टक्के रुग्णांना पुन्हा शस्त्रक्रिया लागत होती.

२०१३ मध्ये अमेरिकेतल्या खटल्यात कंपनीची अंतर्गत कागदपत्रं उघड झाली, तेव्हा वेगळाच आकडा समोर आला. सांधा परत मागवल्यानंतर, २०११ मध्ये, कंपनीने स्वतःच अंदाज काढला होता की पाच वर्षांत जवळपास ४० टक्के रुग्णांमध्ये हा सांधा निकामी होईल. हे विश्लेषण मर्यादित माहितीवर होतं, असं कंपनीचं म्हणणं होतं. ते खरं की खोटं, हे तपासायची संधी रुग्णांना मिळाली, कारण कागद न्यायालयात आले होते.

पुढे काय झालं? मार्च २०१३ मध्ये लॉस एंजेलिसच्या ज्युरीने एका रुग्णाला ८३ लाख डॉलर द्यायला सांगितलं. पुढच्याच महिन्यात शिकागोच्या ज्युरीने कंपनीच्या बाजूने कौल दिला. म्हणजे कागद बाहेर आले म्हणून कंपनी दरवेळी हरतेच असं नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये सुमारे ८ हजार रुग्णांसाठी जवळपास अडीच अब्ज डॉलरची तडजोड जाहीर झाली. माणशी मूळ भरपाई सुमारे अडीच लाख डॉलर, वकिलांची फी त्यातूनच.

भारतात काय झालं?

आपल्याकडे सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांमध्ये हा सांधा वापरला गेला. साडेतीन हजारांहून अधिक रुग्णांचा पत्ताच लागला नाही. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने पोलिसांत तक्रार केली. केंद्राने तज्ज्ञ समिती नेमली ती २०१७ मध्ये, म्हणजे सांधा परत मागवल्यानंतर सात वर्षांनी. नोव्हेंबर २०१८ मध्ये ३० लाख ते १ कोटी २३ लाख रुपये भरपाईचं सूत्र ठरलं. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. मे २०१९ मध्ये पडताळणी झालेल्या ६७ रुग्णांना प्रत्येकी २५ लाख रुपये द्यायची तयारी तिने दाखवली.

सांधा तोच आणि कंपनीही तीच. फरक पडला तो रुग्णाच्या हातात कोणते कागद आले, यामुळे.

आता कायदा काय म्हणतो?

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात 'उत्पादन दायित्व' हे स्वतंत्र प्रकरण आहे. वस्तूच्या निर्मितीत किंवा रचनेत दोष असेल, वापराच्या पुरेशा सूचना किंवा धोक्याचा इशारा नसेल आणि त्यातून इजा झाली, तर उत्पादक जबाबदार.

तक्रार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात करता येते. वकील सक्तीचा नाही. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत मात्र दोन वर्षांची.

कायद्याने दुसऱ्या बाजूचाही विचार केलाय. ग्राहकाने वस्तूचा गैरवापर केला किंवा तिच्यात फेरफार केला, तर विक्रेत्याला बचाव मिळतो. उघड दिसणाऱ्या धोक्याचा इशारा दिला नाही म्हणून उत्पादक अडकत नाही. हे योग्यच आहे. कुणी ओला चार्जर सॉकेटला लावला, तर त्याचं बिल कंपनीच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

मग अडतं कुठे?

दोष दाखवायचा कुणी? तक्रारदाराने. प्रयोगशाळेत तपासणी लागली, तर तिची फी भरायलाही आयोग तक्रारदारालाच सांगू शकतो. शिवाय एक जळालेला चार्जर तपासून तो एकच तुकडा खराब होता की मुळात डिझाइनच चुकलं, हे ठरवणं अवघड असतं. त्यासाठी शंभर चार्जरचं काय झालं ते बघावं लागतं. ती नोंद कंपनीच्या कपाटात असते.

या कपाटाची चावी आयोगाकडे आहे. कायद्याच्या कलम ३८ नुसार आयोग कोणतंही कागदपत्र हजर करायला लावू शकतो. माझं म्हणणं एवढंच, की जिथे शरीराला इजा झाली आहे, तिथे ही चावी पहिल्याच तारखेला वापरली जावी. त्या मॉडेलच्या आलेल्या तक्रारी, चाचण्यांचे अहवाल, इतर देशांत ते परत मागवलं गेलं का, हे सगळं कंपनीने आधी मांडावं. व्यापारी गुपित असेल तर ते फक्त आयोगाने पाहावं. कागद दडवले, तर ते दडवणाऱ्याच्या विरोधात जातील असं अनुमान काढायची मुभा आपल्या पुरावा कायद्यात आहेच.

छोट्या उत्पादकांवर याचा बोजा पडेल, असा आक्षेप येईल. पण ज्याची वस्तू चांगली, त्याच्या नोंदी त्यालाच वाचवतात.

तुमच्यावर वेळ आली तर?

बिल आणि बॅच नंबर असलेला खोका जपून ठेवा. वस्तूचे फोटो काढा, ती दुरुस्त करू नका आणि लेखी पावतीशिवाय कुणाच्या हातात देऊ नका. तक्रार लेखी करा. मार्गदर्शनासाठी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. आणि आयोगाकडे अर्ज करताना कंपनीकडून कोणते कागद हवेत, त्याची मागणी त्यातच लिहा.

माझा जळालेला चार्जर सर्व्हिस सेंटरने "तपासणीसाठी" ठेवून घेतला. मी पावती मागितली नाही. माझ्याकडचा एकमेव पुरावा मीच त्यांच्या हातात देऊन आलो.