एक्झॉस्टमध्ये काटकसर नको!
अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं, तेव्हापासून ‘आपणही बांधू’ हे वेड अनेकांच्या डोक्यात आहे. असू द्या! पण चर्चा पंख आणि इंजिनाचीच, एक्झॉस्ट पाइपचं नाव कुणी काढत नाही. त्यातला वायू ७०० अंश सेल्सिअसच्या वर तापतो. ३०४ स्टेनलेस स्वस्त आणि चकचकीत. पण या तापात, खासकरून वेल्डिंगपाशी, त्यातलं क्रोमियम कार्बनशी जोडलं जातं आणि गंजाला वाट मिळते. ३२१ मधलं टायटॅनियम तो कार्बन आधीच पकडून ठेवतं. इन्कोनेल आणखी सरस, पण खिसा फाडणारं. म्हणून आमचं मत ३२१ला. बऱ्याच छोट्या विमानांत केबिनचा हीटर याच पाइपच्या उष्णतेवर चालतो. पाइपला चीर गेली, की कार्बन मोनॉक्साइड थेट पायलटपर्यंत. त्याला ना रंग, ना वास. पैसे वाचवायचेत? रंगकामात वाचवा.