भाषा येते, आता गणितही शिका

बारावीनंतर काय, या प्रश्नाची आपल्या घरांतली उत्तरे ठरलेली असतात: डॉक्टर, इंजिनिअर, नाहीतर डी.एड. ज्याला भाषेची आवड आहे त्याला ‘पोट कसं भरणार?’ असे विचारून गप्प बसवले जाते. संगणकीय भाषाशास्त्र या यादीत कधीच नसते. भाषांतर, आवाजावरून मजकूर, शोधयंत्र, चॅटबॉट या सगळ्यांमागे हा विषय आहे आणि तो आपल्या मुलामुलींनी गंभीरपणे घ्यावा, असे आम्हाला वाटते.

एक रोजचे दुखणे पाहा. उर्दूत मुहम्मद हे नाव मीम, हे, मीम, दाल अशा चार अक्षरांत लिहितात; ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. मराठी शाळेच्या दाखल्यावर ते महंमद होते, आधारवर मोहम्मद आणि इंग्रजी कागदावर नुसते ‘एमडी’. संगणकाच्या लेखी ही तीन वेगळी माणसे! मग प्रतिज्ञापत्र, गॅझेट आणि कार्यालयाच्या फेऱ्या. एका लिपीतले नाव दुसऱ्या लिपीत किती प्रकारे उतरते, हे यंत्राला शिकवता येते. पण शिकवणाऱ्याला दोन्ही लिप्यांची जाण हवी, आणि ती आपल्याकडे घरात असते.

दखनीचेही तसेच. ‘मैंच बोल्या’मधला ‘च’ मराठीतून आला, ‘नक्को’सुद्धा. उर्दू-हिंदीवर तयार झालेल्या यंत्राला ही चुकीची हिंदी वाटते. आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत. उर्दू आणि मराठी त्यांत आहेत, दखनी नाही. सरकारच्या ‘भाषिणी’ प्रकल्पाचा रोखही मुख्यतः या अनुसूचित भाषांवरच आहे.

शिकायचे कुठे? हैदराबादच्या ट्रिपल आयटीत बारावीनंतर संगणकशास्त्र आणि संगणकीय भाषाशास्त्र यांची जोड पदवी आहे. फी मात्र जड आहे. मुंबई आयआयटीत भारतीय भाषा तंत्रज्ञानाचे केंद्र आहे, हिंदी आणि मराठी शब्दजालांचे काम तिथे झाले. कला शाखेतून आलेल्यांसाठी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्राचे एम.ए. आहे. पीएच.डी.चा विचार असेल तर पैशाचा हिशेब आधी करा. मौलाना आझाद फेलोशिप केंद्राने २०२२ मध्ये बंद केली. आता भाषाशास्त्रातून नेट देऊन जेआरएफ मिळवणे हाच मोठा आधार.

नोकरीबद्दल भाबडेपणा नको. नुसते भाषाशास्त्र शिकलेल्याच्या वाट्याला बहुधा मजकुराला लेबल लावण्याचे, नगावर पैसे मिळणारे काम येते. चॅटबॉटच्या नव्या लाटेने हाताने नियम लिहिण्याच्या जागाही कमी केल्या. चांगला पगार पायथन, संख्याशास्त्र आणि रेषीय बीजगणित येणाऱ्याला मिळतो. भाषेची जाण त्यावर चढते. उर्दू माध्यमातल्या मुलांनी, विशेषतः मुलींनी, दहावीनंतर गणित सोडू नये असा आमचा आग्रह यासाठीच आहे.

लेबल लावण्याचे कामही क्षुल्लक समजू नका. पुण्यातल्या ‘एल३क्यूब’ या गटाने २५ हजारांवर मराठी ट्वीट द्वेषपूर्ण, अपमानकारक, शिवराळ आणि साधी अशा चार गटांत विभागून खुली केली. एखादे वाक्य द्वेषाचे आहे की नुसते उद्धट, हे आधी माणूस ठरवतो, मग यंत्र त्याचे अनुकरण करते. ती ट्वीट कोणालाही वाचता येतात. चार मित्रमैत्रिणींनी मिळून त्यांतली शंभर वाचा, स्वतःची लेबले लावा आणि कुठे मतभेद होतो ते लिहून काढा. या विषयाचा पहिला धडा तोच आहे.