मनीला स्थळ पाहिजे

दिवाळी झाली आणि आमच्या गल्लीतल्या आणखी एका घराला कुलूप लागायची वेळ आली. मुलगा-सून पुण्यात, नातू तिथल्या शाळेत. आजोबा दोन वर्षांपूर्वी गेले. तेव्हा आजी इथे एकट्या किती दिवस राहणार, हा प्रश्न जसा सगळीकडे सुटतो तसाच सुटला. पितळी भांडी नात्यात वाटली गेली, लाकडी कपाट भंगारवाल्याने नेले, देव पिशवीत बसले. अडले ते एका मांजरापाशी. सहा वर्षांची, पांढऱ्यावर पिवळे ठिपके असलेली मनी. सुनेला दमा असल्यामुळे तिला पुण्याला नेण्याची सोय नव्हती. मुलगा सहज म्हणाला, ‘‘त्यात काय एवढं? रात्री मंडईत सोडून येतो.’’ आजी म्हणाल्या, ‘‘मग मलाही तिथंच सोड.’’ आणि काढलेले तिकीट त्यांनी रद्द करायला लावले.

मुलाला निर्दय ठरवण्याची घाई करू नये. तो जे बोलला ते सोलापुरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे. नको झालेले मांजर पोत्यात घालायचे, तोंड बांधायचे, रस्ता कळू नये म्हणून दोन-चार वळणे जादा घ्यायची आणि लक्ष्मी मंडईत, नाहीतर मार्केट यार्डातल्या अडत दुकानांपाशी सोडून द्यायचे. मारायचे मात्र नाही. मांजर मारले तर काशीला जाऊन सोन्याचे मांजर दान द्यावे लागते, ही धास्ती घराघरांत होती. (सोन्याचा आजचा भाव पाहता ती वाढायला हवी.) सोडून आलेले मांजर तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा ओसरीवर हजर झाल्याच्या गोष्टी तर प्रत्येक कुटुंबात सापडतील. कुत्रा माणसाच्या मागे जातो, मांजर जागा धरून राहते. चार वळणांनी त्याची दिशा चुकतेच असे नाही.

या रिवाजामागे एक हिशेब होता आणि तो त्या काळापुरता बरोबर होता. जुन्या वाड्यात किंवा चाळीत मांजर कुणा एकाचे नसे. ते वाड्याचे असे. सकाळी एका बिऱ्हाडात दूध, दुपारी दुसऱ्याकडे भाकरीचा कुस्करा, रात्री माळ्यावर शिकार. साखर पेठेत, दाजी पेठेत घरोघरी माग होते, सुताची बाचकी होती, ज्वारीची पोती होती. तिथे उंदीर म्हणजे थेट नुकसान, आणि मांजर म्हणजे बिनपगारी नोकर. इंग्रजी अमलात प्लेगने हा सारा मुलूख झोडपला. सोलापूरही त्यातून सुटले नव्हते. त्या दिवसांत अमरावतीकडे काम करणाऱ्या अँड्र्यू ब्युकॅनन या सरकारी डॉक्टरने गावोगावच्या मांजरांची मोजदाद करवली आणि १९०८ साली लिहून मांडले, की जिथे मांजरे भरपूर तिथे प्लेगचा जोर कमी दिसतो. साहेबाने कागदावर मांडण्याआधी आपल्या आज्यांना त्यातले निम्मे तरी ठाऊक असावे. अशा गावात एका वाड्याने सोडलेले मांजर दुसऱ्या पेठेत पोटापुरते कमावून खात असे. त्याला घर शोधून द्यावे लागत नव्हते, कारण ते मुळात कुणाच्याच घरचे नव्हते.

आता ते कुणाच्या तरी घरचे झाले आहे. नेमका इथेच सगळा फरक पडला आणि तो आपल्या ध्यानात आलेला नाही.

हे शहर कसे बदलले ते सोलापूरकरांना सांगायला नको. १८७७ सालची जुनी मिल १९६० च्या दशकात बंद पडली, लक्ष्मी-विष्णूचा भोंगा १९९० च्या दशकात थांबला. गिरण्यांच्या भोवती उभ्या राहिलेल्या चाळी हळूहळू रिकाम्या झाल्या. इंजिनिअर झालेली मुले पुण्याची गाडी धरतात आणि सणाला परत येतात. मागे उरलेले आई-बाप जुळे सोलापुरात किंवा होटगी रोडला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतात, नाहीतर जुन्या घरातच दार लावून बसतात. त्या बंद दारामागे मांजर सोबतीला असते. ते माळ्यावर जात नाही, कारण माळाच नाही. उंदीर धरत नाही, कारण तशी पाळी कधी आलेली नाही. त्याला ठराविक वेळी ठराविक ताटली लागते आणि रात्री पायाशी जागा लागते. असे मांजर मंडईत सोडले तर पहिल्या रात्री तिथले बोके त्याला फाडतात, दुसऱ्या रात्री कुत्री हेरतात, आणि त्यातून वाचलेच तर रस्ता ओलांडताना जाते. ज्याला आपण ‘सोडून देणे’ म्हणतो, त्याचा आजचा अर्थ एवढाच उरला आहे.

पर्शियन मांजरांची तर आणखी वेगळी कथा. गेल्या काही वर्षांत ही झुबकेदार शेपटीची, चपट्या नाकाची पिल्ले आपल्याकडेही वाढदिवसाची भेट म्हणून येऊ लागली आहेत. चपट्या नाकामुळे त्यांना श्वास घेणे जड जाते, अंगावर थंड मुलखाला शोभेल अशी लोकर, आणि आपल्या गावचा मे महिना! केस रोज विंचरले नाहीत तर गाठी होऊन कातडी ओढली जाते. पहिला उन्हाळा सरतो न सरतो तोच ओळखीच्या लोकांना विचारणे सुरू होते, ‘‘कुणाला हवंय का हो?’’ गावठी मांजर निदान भिंतीवर उडी तरी मारील, हे बिचारे गच्चीवर नेले तरी भांबावते.

कायदा काय म्हणतो? प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे. पाळलेला प्राणी उपासमारीने किंवा तहानेने तळमळेल अशा परिस्थितीत सबळ कारणाशिवाय टाकून देणे, हा त्याच्या अकराव्या कलमाने गुन्हा ठरवला. म्हणजे पोत्यात घालून मंडई गाठणारे आपण सगळे गुन्हेगारच. पण पहिल्या गुन्ह्याला दंड लिहिला गेला तो दहा ते पन्नास रुपये! त्या काळी पन्नास रुपयांना वजन असेल, आज तेवढ्यात मांजर मंडईपर्यंत न्यायची रिक्षासुद्धा मिळायची मारामार. तेव्हा कायद्याच्या धाकाने कुणी थांबेल ही आशा नको.

दुसरे टोक पाहायचे तर पुण्याकडे पाहावे. तिथल्या महापालिकेने २०२२ मध्ये कुत्र्यांप्रमाणे पाळीव मांजरांचीही नोंदणी सक्तीची करायचे ठरवले, तेव्हा वर्तमानपत्रांतून बरीच थट्टा झाली. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये हडपसर भागातल्या एका सोसायटीतल्या एकाच फ्लॅटमध्ये तीनशेहून अधिक मांजरे असल्याचे उघडकीस आले आणि थट्टा थांबली. शेजाऱ्यांची दुर्गंधीची तक्रार खरी होती. अधिकाऱ्यांनी पाहणी केली, मांजरे हलवा असे फर्मान निघाले. पण हलवायची कुठे? एका घरात इतकी मांजरे साचतात तेव्हा त्यातली काही तिथेच जन्मलेली असतात, आणि बाकीची कुठल्या ना कुठल्या घराला, गल्लीला नकोशी झालेली असतात. प्रत्येक गावात अशी एखादी मावशी असते. तिच्या दारात रात्री कोणी तरी खोके ठेवून जाते, कारण ‘‘त्या सांभाळतात.’’ आपली दया आपण तिच्यावर ढकलतो, आणि खोकी साठली की सोसायटीच्या सभेत तिच्याविरुद्ध हात वर करतो.

तर आजींच्या मनीसाठी आम्ही काय केले ते सांगतो. आजींनी शब्द वापरला तो असा: ‘‘तिला चांगलं स्थळ बघा.’’ गंमत म्हणून सुरू झालेली ही गोष्ट पुढे खरोखरच स्थळ पाहण्यासारखी झाली.

पहिले स्थळ रेल्वे लाइन्स भागातले. निवृत्त जोडपे, घर स्वच्छ, माणसे प्रेमळ. पण शुद्ध शाकाहारी. ‘‘दूध-भाकरी घालू की, तूप घालून,’’ असे त्यांचे म्हणणे. आपल्या गावात अशी घरे पुष्कळ, म्हणून हे जरा विस्ताराने लिहितो. मांजर हा अस्सल मांसाहारी प्राणी. टॉरिन नावाचा एक पदार्थ त्याच्या शरीराला पुरेसा बनवता येत नाही, तो मांस-मासळीतूनच यावा लागतो. तो वर्षानुवर्षे मिळाला नाही तर मांजराची नजर जाते, हृदय कमजोर होते. बऱ्याच मोठ्या मांजरांना दूधही पचत नाही, हगवण लागते. पूर्वी शाकाहारी घरातली मांजरे दूध-भाकरीवर जगली असे वाटते खरे. ती बाहेर उंदीर खाऊन यायची, हे आपण पाहिले नाही इतकेच. फ्लॅटमधल्या मांजराला ती सोय नाही. त्या जोडप्याला विकतचे तयार खाद्य सुचवून पाहिले. त्यातही मासळी असते म्हटल्यावर काकूंनी हात जोडले. त्यांच्या नकाराचा आम्हाला राग आला नाही. फसवून ‘हो’ म्हणण्यापेक्षा तो बरा.

दुसऱ्या घरी पोराला मांजर हवे होते, आईला नको होते. तिथे चहा पिऊन परत आलो. घरातल्या एकाचा जरी विरोध असला तरी सहा महिन्यांत मांजर पुन्हा दाराबाहेर, हे ठरलेले.

तिसरे स्थळ दाजी पेठेतले. तेलुगू भाषिक कुटुंब, खाली यंत्रमाग, वर बिऱ्हाड, आठवड्यातून तीनदा मासळी. तेलुगूत मांजराला ‘पिल्लि’ म्हणतात, त्यामुळे सहा वर्षांची थोराड मनी तिथे पाऊल टाकताच पुन्हा पिल्लू झाली. त्या घरच्या सासूबाईंनीच आम्हाला उलट प्रश्न विचारले, आणि तिथेच आमचा जीव भांड्यात पडला. ऑपरेशन झाले आहे का? रात्री कुठे निजते? उंच आवाजाला भिते का? खाली माग धडधडतात.

ऑपरेशन झालेले होते, हे आजींचे थोर शहाणपण. नाहीतर स्थळ पाहणे एका मांजरापुरते थांबत नाही. पाच-सहा महिन्यांची भाटी गाभण राहू शकते. नऊ आठवड्यांत पिल्ले, एका वेळी तीन-चार, वर्षात दोनदा तरी. इतकी घरे सोलापुरात काय, पुण्यातही नाहीत. मुंबई महापालिकेने २०१९ च्या सुमारास मांजरांच्या निर्बीजीकरणाचे काम हाती घेतले. एरवी पालिकांचे सारे लक्ष आणि पैसा कुत्र्यांकडे, कारण कुत्रा चावतो आणि मांजर फक्त ओरबाडते. आपल्याकडचे सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने गाई-म्हशी-शेळ्यांसाठी उभे राहिले. तिथे ठरलेल्या दिवशी मांजरांची शस्त्रक्रिया स्वस्तात होऊ लागली, तर मंडईत रात्री उतरणारी निम्मी पोती कमी होतील असे मला वाटते. नगरसेवकाकडे गटार आणि पाणी मागताना हेही मागायला हरकत नाही. हसतील, पण मागावे.

पिल्ले देणाऱ्यांची एक चूक मात्र फार होते. डोळे उघडून जरा गोजिरवाणी दिसली की तीन-चार आठवड्यांतच वाटून टाकतात. निदान आठ आठवडे ती आईपाशी राहायला हवीत. त्याच काळात ती माणसाच्या हाताला सरावली पाहिजेत, नाहीतर जन्मभर बुजरी राहतात.

मोठ्या मांजराचे तंत्र निराळे. मनीला आम्ही टोपलीत, तिच्याच न धुतलेल्या गोधडीसकट नेले. धुवायची नाही, कारण तिच्या लेखी त्या वासातच तिचे घर असते. नव्या घरी पहिले काही दिवस एकच खोली, दार बंद, कोपऱ्यात मातीचे घमेले, दुसऱ्या कोपऱ्यात पाणी. पुढे दोन-तीन आठवडे घराबाहेर अजिबात नाही. हा धीर न धरल्यामुळेच मांजरे जुन्या घराच्या वाटेला लागतात. मनी पहिले दोन दिवस कपाटाखालून निघाली नाही, जेवलीही नाही. तिसऱ्या रात्री ताटली चाटून पुसून ठेवलेली सापडली. आता माग सुरू असताना सुताच्या बाचक्यावर झोपते म्हणतात. आवाजाला भिईल ही आमची काळजी फुकट गेली.

आजी मग पुण्याला गेल्या. त्यांच्या अंगात तिथली थंडी शिरली आहे, करमतही नाही. दर रविवारी सकाळी त्या दाजी पेठेत फोन लावतात. दोन्हीकडच्या बायकांचे मराठी निरनिराळे, तरी अडत नाही. परवा त्या विचारत होत्या, रात्री कुठली खिडकी उघडी ठेवता, तिला उजव्या बाजूची लागते.